वाकड्या बांधाची भाऊबीज

तरडोलीच्या गोजरबाईला कुणी विचारलं, "बाई, तुझं माहेर कुठलं?" की ती हात लांब करून नदीपलीकडं दाखवायची. "ते काय, कोहिनी. आमच्या आईनं तव्यावर भाकरी करपवली तर मला हितं वास येतो." सांगणं जरा वाढवून असायचं, पण फार नाही. मधे फक्त सीना नदी. उन्हाळ्यात तर कसली नदी न् कसलं काय, नुसता वाळूचा पट्टा. कोंबडंसुद्धा टुकुटुकु चालत पार जाईल. पण ते कोंबडं एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात पोचायचं. अलीकडं तरडोली, नगर जिल्हा, इंग्रजाचं राज्य. पलीकडं कोहिणी, निजामाचं राज्य, म्हणजे आपल्या बोलण्यातली मोगलाई. इकडं राजाच्या डोक्याचा रुपया, तिकडं हाली शिक्का. इकडचा तलाठी मोडीत लिहायचा, तिकडचा कागद उर्दूत यायचा, आणि दोन्ही काठांवरच्या कुणब्यांना दोन्ही कागद सारखेच कळायचे नाहीत.

लेक डोळ्यासमोर राहावी म्हणून बापानं गोजरला नदीपलीकडं दिली. लग्न लावून वऱ्हाड तरडोलीला परतताना मोगलाईच्या नाक्यावर शिपायानं अडवलं आणि नवरीच्या लुगड्यांवर जकात मागितली. थोरली माणसं हातापाया पडायला लागली. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली नवरी पुढं झाली नि म्हणाली, "लुगड्यावर एवढी, तर माझ्यावर किती?" शिपाई आधी बघत राहिला, मग हसला, आणि वऱ्हाड फुकटात सुटलं. सासूनं त्याच दिवशी ओळखलं की घरात काय येतंय ते.

अशी ही गोजरबाई. उंच, सावळी, आवाज खणखणीत. नवरा मच्छिंद्र कामाला वाघ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. थोरला भाऊ सहादेव कोहिणीचा कारभारी, दिलदार माणूस. फक्त चेष्टा करायची म्हटली की त्याला काळवेळ उरायची नाही. ह्या दोघांच्या मधे गोजरबाई आणि सीना, दोघीच काय त्या शहाण्या.

आता बांधाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. दरसाल दसरा झाला की ह्या दोन गावांच्या मधे नदीत कच्चा बांध पडायचा. खुंट्या ठोकायच्या, निरगुडीची झुडपं नि शिंदीचे झाप दडपायचे, वर चिकणमाती नि धोंडे. पाणी तुंबलं की दोन्ही काठांचे पाट भरायचे आणि दोन्हीकडचा गहू, हरभरा, कांदा उभा राहायचा. कुठल्याच गावाला हे एकट्यानं जमणारं नव्हतं. बांधाला दोन पाय लागतात, आणि ह्या बांधाचा एक पाय इंग्रजात होता, एक मोगलाईत. करार नाही, कागद नाही. सायबाला ठाऊक नव्हतं, निजामाला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नव्हतं म्हणूनच बांध टिकलाय, असं म्हातारी माणसं सांगायची.

करार नसला तरी रीत होती. अलीकडच्या उंबरापासून पलीकडच्या शेंदऱ्या धोंड्यापर्यंत एक लांब चऱ्हाट ताणायचं. त्या चऱ्हाटाखाली दोन्ही गावांनी आपापल्या काठाकडून बांध घालत यायचं. मध्यावर आलं की थोडं तोंड उघडं ठेवायचं आणि ते बुजवायचं भाऊबीजेला. शेवटची पाटी टाकायची ती अशा लेकीनं, जिचं माहेर एका काठावर नि सासर दुसऱ्या. दोन्ही काठ तिचेच, तेव्हा ती कुणाचं वाईट चिंतणार? तिनं पाटी टाकली की तिथंच बांधावर भावाला ओवाळायचं, मग मोगलाईचा गहू नि नगरचा गूळ एक करून पुरणपोळ्यांचं जेवण. कैक वर्षं हा मान गोजरबाईचा होता. वर्षातला तो एक दिवस ती सासुरवाशीणही नसायची नि माहेरवाशीणही नसायची. नदीच्या मधोमध उभी राहून दोन्हीकडच्यांना हुकूम सोडायची.

आणि मग त्रेचाळीस सालच्या भाऊबीजेला माशी शिंकली. महायुद्ध चाललेलं. धान्याला हद्द ओलांडायची बंदी, गूळ कंट्रोलात. मच्छिंद्रानं चार बाजार पालथे घातले तरी त्याला नारळाएवढाच खडा मिळाला. पुरण न धड गोड झालं न धड फिकं. सहादेवानं एक घास घेतला आणि त्याला चेष्टा सुचली.

"दाजी, एवढं मोठं तुमचं राज. जर्मनाशी लढतंय म्हनं. आन पुरनाला गूळ न्हाई व्हय?"

मच्छिंद्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधीच गुळापायी वणवण करून बिचारा मेटाकुटीला आलेला. "तुमच्या निजामाकडं हिऱ्यामोत्यांच्या राशी हायेत म्हनं. मग गव्हात एवढं खडं कशापायी घालता, पाव्हनं?"

लोक हसले, तिथंच थांबायचं की नाही? पण उचलली जीभ नि लावली टाळ्याला. गुळावरून पाण्यावर गेले, पाण्यावरून आज्यापणज्यांवर. शेवटी सहादेव पानावरून उठला नि म्हणाला, "ह्याच्याम्होरं कोहिनीचा कुनी गडी इंग्रजाच्या मातीवर पाय ठिवनार न्हाई." मच्छिंद्रही उठला. "आन तरडोलीचा कुनी गडी मोगलाईत मातीची एक पाटी टाकनार न्हाई." दोन जाणत्या माणसांनी गुळाच्या खड्यावरून एवढी मोठी शपथ घेतली. हसावं की रडावं?

गोजरबाई मात्र त्या वर्षात पुष्कळदा रडली. पंचमीला तिला न्यायला माहेराहून कुणी आलं नाही. मच्छिंद्र म्हणाला, "जायचं तर जा, मी कुठं अडिवतोय?" पण असं म्हणाला की पाय निघू नये. नदीवर धुणं आपटताना पलीकडून वहिनीच्या बांगड्या वाजायच्या, भाचरांची भांडणं ऐकू यायची, आणि ती खाली मान घालून लुगडं पिळत राहायची. माहेर दूर असतं तर मनाची समजूत तरी पडली असती. समोर दिसतंय, आवाज येतोय, आणि तुटलंय. पुढची भाऊबीज अशीच गेली तर हे तुटलेलं परत सांधणार नाही, हे ती पक्कं ओळखून होती. सोयरिकीत एक वर्षाचा रुसवा भरून येतो. दुसरं वर्ष लागलं की त्याची रीत होऊन बसते.

पण नुसतं रडत बसली तर ती गोजरबाई कसली. दर बाजारी मिळेल त्यातला गुळाचा एक खडा ती बाजूला काढायची आणि बाजरीच्या कणगीत पुरलेल्या गाडग्यात टाकायची. घरात चहा फिका, लापशी फिकी. मच्छिंद्र कुरकुरला की म्हणायची, "कंट्रोल हाय न्हवं? सोसा."

चव्वेचाळीसचा दसरा आला. बांध तर घालायलाच हवा होता. पोटाला शपथ कळत नाही. पण चऱ्हाट ताणायचं कुणी? चऱ्हाटाचं एक टोक पलीकडं न्यायचं म्हणजे पलीकडच्या माणसाच्या हातात द्यायचं, आणि हातात द्यायचं म्हणजे काहीतरी बोलायला हवं. "धर" एवढं तरी. तेवढंही कुणी म्हणेना. चऱ्हाट उंबराखाली वेटोळं घालून पडून राहिलं, आणि दोन्ही गावांनी आपापल्या काठावरून नुसत्या नजरेच्या अंदाजानं काम सुरू केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही शाबूत होता नि पीळही.

गोजरबाई काठावर पाट्या भरत होती. माणसं बांधावर वाकून काम करत होती, त्यांना नाकासमोरचं दिसत होतं. काठावरून हिला दोन्ही बाजू दिसत होत्या. तिनं एकदा डोळे बारीक केले, मग हातातली पाटी खाली ठेवून नवऱ्याकडं गेली.

"अवं, तुमचा बांध वरच्या अंगाला चाललाय. दादाचा खालच्या अंगाला. गाठ कशी पडायची?"

"आमी बरूबर हाय," मच्छिंद्र मान वर न करता म्हणाला. "त्यांनी यावं आमच्याकडं."

तिनं तोंडाला हात लावून पलीकडं हाळी दिली. "दादा, वर सरक जरा. चुकामूक व्हतीया."

पलीकडून सहादेवाचा आवाज आला, "आमी बरूबर हाय. तुज्या मालकाला सांग, खाली सरक म्हनावं."

सख्खे भाऊ एवढे सारखे बोलणार नाहीत. गोजरबाई परत येऊन पाट्या भरायला बसली. शेजारी जाऊबाई रंगुबाई होती, तीही कोहिणीचीच लेक. ती म्हणाली, "बाई, सांगून बघ की अजून." गोजरबाई म्हणाली, "दगडावर किती डोकं आपटू? माझंच फुटायचं."

आणि दोन्ही गावांनी, सांगायलाही लाज वाटते, तसाच बांध पुरा केला. रोज अंतर दिसत होतं. रोज दोन्हीकडच्या गड्यांना कळत होतं. मध्यावर आल्यावर तर एका बांधाच्या टोकावर हा गडी नि दुसऱ्या बांधाच्या टोकावर तो गडी एकमेकांना तंबाखू देतील एवढे जवळ यायला हवे होते. तर एक वर, एक खाली, मधे दोन बैलगाड्या एकामागं एक उभ्या राहतील एवढी फट. पण "चुकलं" म्हणायचं कुणी? ज्यानं म्हटलं त्याचं चुकलं. तेव्हा सगळे पाठीला पाठ लावून इमानेइतबारे काम करत राहिले.

भाऊबीजेच्या सकाळी दोन्ही गावं काठावर जमली. दोन अर्धे बांध झकास झालेले, चोपून, लिंपून, वर हिरवळीची ढेकळं बसवलेली. आणि मधल्या फटीतून सगळी सीना खळखळत पुढं चाललेली. पाणी दिवसेंदिवस उतरत होतं. आठवडाभर हे असंच चाललं असतं तर तुंबवायला काही उरलं नसतं, आणि दोन्हीकडचा गहू पेरणीआधीच मेला असता. काठावरची माणसं बघत होती. कुणाला तरी हसू फुटलं, पण ते त्यानं खोकल्यात दडवलं.

गोजरबाई ओवाळणीचं ताट घेऊन निघाली. अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं. तरडोलीच्या बांधावरून चालत ती टोकाला गेली. पलीकडच्या टोकावर खाली सहादेव उभा होता. आला होता, एवढं तरी बरं. मधून पाणी धावत होतं.

"दादा, ये. वाऱ्यानं निरांजन इझल."

सहादेवानं मान खाली घातली. "माझ्यानं त्या मातीवर पाय ठिववनार न्हाई गोजे. शपत हाय."

तिनं मागं वळून नवऱ्याकडं बघितलं. "तुमी तरी फट बुजवा."

"पलीकडं मोगलाई हाय. शपत हाय," मच्छिंद्र म्हणाला. पण त्याचाही आवाज बसलेला होता. दोघांनाही शपथ आता खुपत होती, फक्त ती काढून ठेवायची कशी हे माहीत नव्हतं.

गोजरबाईनं ताट बांधावर ठेवलं. पदर खोचला. शेजारची मातीची पाटी उचलली आणि दिली फटीत ओतून. माती वाहून गेली. तिनं दुसरी ओतली. तीही गेली.

"काय करतीस?" मच्छिंद्र म्हणाला.

"रीत पाळतीया. शेवटची पाटी लेकीची असती का न्हाई? मग शेवट हितनंच लागलाय. आवंदा शेवट जरा लांब हाय, एवढंच." तिनं तिसरी पाटी उचलली. "आन शपत घेतली ती गड्यांनी. तवा आमाला कुनी इचारलं हुतं?"

असं म्हणून तिनं काठाकडं बघितलं नि हाळी दिली. "रंगुबाई, तू कुठली गं?"

"कोहिनीची," रंगुबाई म्हणाली नि पाटी घेऊन निघालीच. पलीकडं सहादेवाची बायको बनुबाई उभी होती; ती मूळची तरडोलीची. तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही, डोक्यावर मातीची पाटी घेतली नि आपल्याकडच्या बांधाच्या टोकावर आली. मग एकेक करून बाया निघाल्या. ह्या काठाच्या लेकी त्या काठाला, त्या काठाच्या ह्या काठाला. वीस-पंचवीस तर सहज निघाल्या. दोन्ही टोकांवरून फटीत माती पडायला लागली, आणि पाणी ती तितक्याच झपाट्यानं वाहून न्यायला लागलं. बाया चिंब झाल्या, लुगडी चिखलानं भरली, आणि हसायला लागल्या. वर्षभर न बोललेल्या नणंदा-भावजया मधल्या पाण्यावरून एकमेकींना टोमणे मारत होत्या.

मच्छिंद्र उभा राहून बघत होता. बघता बघता त्याच्या जिवाची तगमग व्हायला लागली. बांधाचं काम समोर चुकीचं होतंय आणि आपण बघत उभं राहायचं, हे त्याला कधी जमलेलं नव्हतं. शेवटी न राहवून तो ओरडला, "अगं, माती कशी टिकल? आदी खुंट्या ठोका, मग झुडपं!"

त्याच क्षणी पलीकडून सहादेवही ओरडला, "बने, आदी खुंट्या!"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. वर्षात पहिल्यांदा. सहादेवाच्या मिशा हलायला लागल्या. "दाजी," तो म्हणाला, "ह्या बायांच्या हातनं गहू मरतोय आपला."

"व्हय पाव्हनं, मरतोय खरा," मच्छिंद्र म्हणाला.

आणि दोघांनी एकदमच पाण्यात उड्या टाकल्या. पाण्यात, बरं का. माती इंग्रजाची नि मोगलाईची असेल. पाण्याचं नाव शपथेत कुणी घेतलेलं नव्हतं. छातीभर पाण्यात उभे राहून दोघं मेहुणे खुंट्या ठोकायला लागले तसे दोन्हीकडचे गडी धडाधड उतरले. झुडपं आली, झाप आले, धोंडे आले. दुपार कलायच्या आत दोन चुकलेल्या बांधांना जोडणारी मधली भिंत उभी राहिली, बरोबर नदीच्या मधोमध, प्रवाहाच्या दिशेनं, सरहद्दीवरून सरहद्दीसारखीच गेलेली. शेवटची पाटी गोजरबाईनं टाकली. पाणी थबकलं, मागं फिरलं, आणि हळूहळू वर चढायला लागलं. बाया, गडी, म्हातारी माणसं, सगळी त्याचं चढणं बघत होती. मग दोन्ही पाटांतून एकाच वेळी पाणी निघालं.

मधल्या भिंतीवर भावाला बसवून गोजरबाईनं ओवाळलं. निरांजन विझलं होतं, ते परत लावलं. ओवाळताना तिचे डोळे गळत होते, आणि तिनं ते पुसलेही नाहीत. सहादेव म्हणाला, "गोजे, वरीसभर चुकलं माझं." ती म्हणाली, "तुझं एकट्याचं कशाला? ह्यांचंबी चुकलं. सारकंच चुकलं म्हनून तर भिंत हितं आली." मग तिनं घरून गाडगं आणवलं आणि सगळ्यांसमोर त्यातला गूळ ओतला. ढीगभर गूळ. मच्छिंद्र बघतच राहिला. वर्षभराचा फिका चहा त्याला आता कळला.

एवढ्यात मोगलाईच्या नाक्याचा जमादार काठी टेकत आला. पोट सुटलेला, मिशीला तेल लावलेला, तसा स्वभावानं गरीब माणूस. "ये नहीं चलेगा," तो म्हणाला. "गूळ इधर नहीं आएगा, गेहूँ उधर नहीं जाएगा. हुकूम है."

"जमादारसायब," गोजरबाई म्हणाली, "गूळ तिकडं जात न्हाई आन गहू हिकडं येत न्हाई. दोगंबी मधे बसल्यात. चूल मधे, खानारं मधे. हद्द वलांडली कुनी ते दावा."

जमादारानं ह्या काठाकडं बघितलं, त्या काठाकडं बघितलं. पुरणाचा वास सुटला होता. बराच विचार करून तो म्हणाला, "मैं भी बीच में बैठूँ तो?" बनुबाईनं त्याला पाट मांडला. चार पोळ्या खाऊन, वर तुपाची धार मागून, जमादार हुकुमाची अंमलबजावणी करून परत गेला.

त्यानंतर बांध दरसाल तसाच वाकडा घालायचा ठरला. कुणी ठरवलं असं नाही, पण मधली भिंत नसती तर चूल कुठं मांडायची? सत्तेचाळीसचं साल धास्तीचं गेलं. मोगलाईत दंगा माजला, तेव्हा कोहिणीच्या बायापोरांनी कित्येक महिने तरडोलीत काढले. गोजरबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ती भाकऱ्या थापत म्हणायची, "मानसं माहेराला जात्यात. माझं माहेरच माझ्याकडं आलंय." पुढल्या वर्षी निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, जमादार आपल्या गावी गेला. नदीच्या दोन्ही काठांना एकच राज्य झालं.

त्या दसऱ्याला उंबराखालचं चऱ्हाट पुन्हा बाहेर निघालं. तरडोलीचे आप्पासाहेब, चार बुकं शिकलेले नि नव्या राज्यावर खूश, म्हणाले, "आता सरहद्द राहिली नाही. बांध सरळ घेऊ. निम्मी मेहनत वाचेल." बोलणं खरंच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोजरबाई पाट्या भरायला काठावर जाऊन बसली.

मच्छिंद्रानं चऱ्हाटाचं एक टोक उंबराला बांधलं. दुसरं टोक घेऊन तो पाण्यातून पलीकडं गेला आणि सहादेवाच्या हातात देत म्हणाला, "धरा पाव्हनं." सहादेवानं ते धरलं, ताणलं, एकवार बहिणीकडं बघितलं, आणि शेंदऱ्या धोंड्याला न बांधता चांगलं एका गाडीएवढं खाली नेऊन एका बाभळीला बांधलं. मच्छिंद्र शेजारीच उभा होता. त्यानं बघितलं, नि आपल्या बाजूचं टोक उंबरापासून तेवढंच वर घ्यायला तो परत निघाला.

काठावरून सगळं लख्ख दिसत होतं. चऱ्हाट तिरपं, आणि दोन्हीकडचे बांध आपापल्या टोकापासून नाकासमोर निघणार; मध्यावर ते चुकणार होते. गोजरबाईनं डोळे बारीक करून दोन्ही टोकं बघितली आणि पुढची पाटी भरायला घेतली. या खेपेला तिनं कुणाला हाळी दिली नाही.